मामांचा पेंटॅक्स के-१०००: आठ महिने वापरल्यावर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत मामांच्या स्टुडिओतला हा कॅमेरा निघाला, ५० मिमी एफ-२ लेन्ससकट. हौसेनं रोल भरला, लातूरच्या गंजगोलाईत फिरलो. रोल कुरिअरनं पुण्याला धुवायला पाठवला आणि स्कॅन आले तर अर्ध्या फोटोंवर नारिंगी पट्टा. भाजीवालीच्या टोपल्यांना आग लागल्यासारखं दिसत होतं.

दोष फोमचा. मागच्या झाकणाच्या खाचांत उजेड अडवायला बसवलेला काळा फोम इतक्या वर्षांत डांबर झाला होता. बोट लावलं की चिकटायचा, धुऊनही निघेना. उदबत्तीची काडी तासून, टोकाला कापूस गुंडाळून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दोन संध्याकाळी तो खरवडला. शटरचा पडदा कापडी असतो, त्याला काडी लागू द्यायची नाही. खाचांत टेलरकडून आणलेली काळी लोकर दाबून बसवली आणि बिजागरीपाशी बांगड्यांच्या जुन्या डब्यातली काळी मखमल चिकटवली. बायकोनं डब्याचं विचारलं, मी ऐकलंच नाही. त्यानंतर एकाही रोलवर पट्टा नाही.

उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई मेलेली होती. तळाच्या झाकणात जुना सेल फुटून हिरवट पांढरी बुरशी साचलेली. लिंबाच्या रसाचा बोळा, मग अल्कोहोल, मग नवा एलआर-४४ सेल, आणि सुई हलली. या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटणच नाही, त्यामुळे लेन्सवर टोपी घालूनच ठेवायचा, नाहीतर सेल फुकट उतरतो. उतरला तरी बिघडत नाही म्हणा, शटर सगळं यांत्रिकच आहे. मे महिन्यात औशाच्या किल्ल्यावर सेलशिवायच गेलो. ४०० चा रोल, लेन्सचं छिद्र एफ-१६ वर, शटर १/५०० सेकंदावर; आपल्याकडच्या उन्हाला मीटर कशाला लागतो?

एक चूक सांगतो, कुणी करू नये म्हणून. लेन्सची फोकस रिंग जड होती म्हणून एका दुरुस्तीवाल्याला दिली. त्यानं भरपूर तेल सोडलं. रिंग लोण्यासारखी फिरायला लागली, पण उन्हाळ्यात तेच तेल पाझरून लेन्समधलं छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांवर आलं. पाती वेळेवर मिटेनात, फोटो पांढरेफटक यायला लागले. लेन्स उघडून लायटरच्या पेट्रोलनं पाती पुसण्यात माझा अख्खा रविवार गेला. त्यातही साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर लावून एका स्क्रूचं डोकं झिजवलं. जपानी स्क्रूची खाच वेगळी असते हे नंतर कळलं.

ब्लॅक अँड व्हाइट मी घरीच धुतो. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल, २० अंशांवर लागतो आणि टाकीचं पाणी मेमध्ये चहाला चालेल असं, म्हणून बर्फ. धुतलेलं पाणी संडासात वापरायचं नाही, केमिकल वेगळ्या कॅनमध्ये. फिल्म शेवटची खळबळतानाही पाणी मोजूनच घेतो. २०१६ ला या गावात रेल्वेनं पाणी आलं होतं, ते विसरलेलो नाही.

एक सेकंदाचं शटर अजून रेंगाळतं. रिकाम्या कॅमेऱ्यावर रोज वीसेकदा दाबून बरंच सुटलं, पण थंडीच्या सकाळी पुन्हा दीडदोन सेकंद घ्यायचं. परवा मामांच्या हातात दिला. त्यांनी चाप ओढला, कॅमेरा कानाशी धरला, आतली घर्रघर्र संपेपर्यंत थांबले.

"हा तेव्हाही असाच होता," म्हणाले. "मी कधी एकवर लावलाच नाही."