आम्लासाठी कार्बन: आयोडीन मूल्याच्या पलीकडे

किण्वनाने तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाचा रंग काढण्यासाठी आम्ही भुकटीच्या रूपातला सक्रिय कार्बन, म्हणजे सूक्ष्म छिद्रांत रंग शोषून घेणारा कार्बन, वापरतो. यंदा दोन नमुने मागवले. एक नारळाच्या करवंटीचा, वाफेने सक्रिय केलेला, आयोडीन मूल्य (एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन शोषतो तो आकडा) १०५०. दुसरा लाकडाचा, फॉस्फोरिक आम्लाने सक्रिय करून नंतर धुतलेला, आयोडीन मूल्य ९००च्या आत. कागदावर पहिला सरस होता आणि खरेदी विभागाचा कल साहजिकच त्याच्याकडे होता.

प्रयोगशाळेत चित्र उलटे झाले. एक लिटर आम्लात ५ ग्रॅम कार्बन घालून ६० अंशांवर अर्धा तास ढवळले, तेव्हा लाकडी कार्बनमधून गाळलेला द्रव जवळजवळ पाण्यासारखा निघाला आणि करवंटीचा मात्र चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखा राहिला. करवंटीच्या कार्बनमधली बहुतेक छिद्रे दोन नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. आयोडीनचा रेणू त्यांत सहज शिरतो, पण किण्वनातले थोराड रंगरेणू दारातच अडतात. त्यामुळे या कामासाठी मिथिलीन ब्लू आणि मोलॅसिस मूल्य, म्हणजे मोठे रंगरेणू किती शोषले जातात ते सांगणारे आकडे, विचारावे.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे राख, म्हणजे कार्बनमधला खनिज भाग. त्यातले पाण्यात न विरघळणारे लोह आणि कॅल्शियम आम्लात मात्र विरघळतात आणि शुद्ध करायला घेतलेला मालच अशुद्ध होतो. ग्रॅमभर कार्बन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळावा, गाळून घ्यावा आणि गाळलेल्या द्रवात नायट्रिक आम्लाचा एक थेंब व थायोसायनेट टाकावे; लोह असेल तर लाल रंग येतो. करवंटीच्या नमुन्याला गडद लाल रंग आला, लाकडीला फिकट गुलाबी. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रात लोहाचा रकानाच नव्हता, ही माझी खरी तक्रार आहे.

लाकडी कार्बनचे दोषही सांगायला हवेत. तो इतका हलका आहे की गोणी फोडताच धूळ उडते, आणि बारीक कण कापडातून सुटत असल्यामुळे फिल्टर प्रेसमधून (कापडातून दाबाने गाळणाऱ्या यंत्रातून) निघणारा पहिला गाळलेला द्रव स्वच्छ होईपर्यंत टाकीत परत फिरवावा लागतो.

करवंटीचा कार्बन वाईट आहे, असे मात्र नाही. उपउत्पादन म्हणून मिळणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लातून क्लोरोबेन्झीनसारखे लहान रेणू काढायचे असतील, तर आम्लाने धुतलेला दाणेदार करवंटी कार्बनच मी स्तंभात भरेन. तीव्र नायट्रिक आम्लाजवळ मात्र कोणताच कार्बन नेऊ नये. तिथे शोषण होत नाही, कार्बनचेच ऑक्सिडीकरण होऊन उष्णता आणि तपकिरी वायू सुटतात.

आम्ही लाकडी कार्बनची मागणी नोंदवली आहे, प्रत्येक लॉटबरोबर आम्लविद्राव्य लोहाचा आकडा लेखी मिळेल या अटीवर.