कुडाळचा फोटो स्टुडिओ : स्थळासाठी फोटो हवा, पण मुलगी ओळखू आली पाहिजे

सावळ्या मुलीचा फोटो तिच्याच रंगात नीट काढून देणारा स्टुडिओ सिंधुदुर्गात शोधत असाल, तर कुडाळ बाजारपेठेतल्या पहिल्या मजल्यावरच्या या स्टुडिओत डोळे झाकून जा. फोटोग्राफर बाई आहे, तिशीतली, मोजकं बोलणारी. आम्ही भाचीच्या बायोडाट्यासाठी गेलो होतो. भाची शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली, आता खाडीकाठी कोळंबीच्या तळ्यांवर काम करते. मूळची सावळी, त्यात दिवसभराचं ऊन.

याआधी दुसरीकडे काढलेला तिचा फोटो बघून मला रडू यायचं बाकी होतं. चेहरा पिठासारखा पांढरा, हनुवटीवरचा तीळ गायब, आणि खाली साडीच्या काठाशी हात मात्र तिचेच. ताई म्हणाली, "बरो इलो फोटो." तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. बायोडाट्याच्या छापील फॉर्मवर अजून 'वर्ण' हा रकाना असतो आणि त्यात 'निमगोरी' लिहिल्याशिवाय आयांचा जीव थाऱ्यावर येत नाही. 2020 च्या जूनमध्ये लोकांनी ऑनलाइन याचिका केल्यावर शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं शोधायची सोय काढून टाकली. आपल्याकडच्या फॉर्मवरचा रकाना कोणी काढायचा?

आता या स्टुडिओबद्दल. आम्ही खालच्या मजल्यावरच्या पार्लरमधून मेकअप करून वर गेलो, तर बाईंनी भाचीला खिडकीपाशी उभं केलं, गळ्याजवळ एक पांढरा कागद धरला आणि म्हणाल्या, "फाउंडेशन दोन शेड उजळ लागलंय. मान वेगळी, तोंड वेगळं दिसतंय. पुसून या, मी थांबते." गिऱ्हाइकाला असं तोंडावर सांगायला धीर लागतो. भाची तोंड धुऊन आली. फक्त काजळ, टिकली आणि केसांत अबोलीची वेणी राहिली.

मग त्यांनी मागचा पांढरा पडदा गुंडाळून शेवाळी रंगाचं कापड सोडलं. कारण विचारलं तर नीट समजावून सांगितलं, तेच इथे देते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. मागे पांढराशुभ्र पडदा असला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळोखा करतो. त्यात सावळा चेहरा आणखी काळवंडतो. मग तो कॉम्प्युटरवर उजळवत बसतात आणि नाकडोळ्यांची ठेवणच पुसली जाते. त्या उजेड मोजतात तो चेहऱ्यावर. एका बाजूने मोठ्या सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे पांढरं कापड लावलेल्या दिव्याच्या पेटीचा मऊ प्रकाश, दुसऱ्या बाजूला तो उजेड परतवायला थर्माकोलचा साधा तक्ता. गालाच्या हाडावर जी चकाकी आली ती मी आमच्या पोरीच्या कुठल्याही फोटोत पाहिली नव्हती.

त्यांनीच सांगितलं, रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक लॅबना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड देत असे, त्याला शर्ली कार्ड म्हणायचे. कित्येक वर्षं जगभर फोटोंचे रंग त्या एका कातडीला धरून ठरले. म्हणजे आमच्या आयाआज्या जुन्या रंगीत फोटोंत काळ्याठिक्कर दिसतात, त्यात त्यांच्या रंगाचा काय दोष?

कॉम्प्युटरसमोरचा प्रसंग सांगितलाच पाहिजे. ताई न राहवून म्हणाली, "जरासो उजळ करून दी गो बाय, स्थळाक धाडूचो आसा." बाईंनी वाद घातला नाही. माऊस धरला आणि ताईच्या डोळ्यांदेखत फोटो हळूहळू उजळवत नेला. आधी अबोली फिकी पडली. मग तीळ गेला. मग नथीतले मोती गालात विरघळले, नथ आहे की नाही कळेना. ताई पुढे वाकून बघत होती. म्हणाली, "ह्या माझा चेडू नाय गो. आधीचाच ठेव."

फोटो साफ करायचा त्यांचा नियम मला पटला. पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढायचं, जन्मभर राहणार ते ठेवायचं. पुटकुळी गेली, तीळ राहिला.

मला या गोष्टीची एवढी ओढ का, तर माझं मालवणात औषधांचं दुकान आहे आणि जाहिराती बायकांवर काय परिणाम करतात ते मी काउंटरच्या अलीकडून बघते. फेअर अँड लव्हली 1975 साली बाजारात आली. म्हणजे माझ्या वयाच्या बायका ती जाहिरात बघतच वाढल्या: काळी मुलगी खाली मान घालून बसलेली, गोरी झाली की नोकरी, नवरा, टाळ्या. 2014 मध्ये जाहिरातवाल्यांच्याच मानक परिषदेने नियम केला की रंगावरून कुणाला कमी दाखवायचं नाही आणि क्रीम लावण्याआधीचा चेहरा दुःखी, चिंतातुर दाखवायचा नाही. 2020 मध्ये नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. माझ्याकडे येणाऱ्या बायका अजून जुन्याच नावाने मागतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं डोक्यात बसलेलं डबीवरचं नाव बदलल्याने निघत नाही.

आणि त्या क्रीमपाशीच थांबल्या तर एक वेळ ठीक. लग्न ठरलं की मुली कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइडचं मलम मागायला येतात. 2018 साली सरकारने अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. मी देत नाही. कातडी पातळ होते, तोंडावर लव वाढते, पुरळ उठतं, आणि बंद केलं की चेहरा लालभडक होऊन आग होते. लग्नाच्या तोंडावर असा चेहरा घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्यात. स्टुडिओवाल्याने पोरीला न विचारता पांढरी केली की, आहे तो रंग चालणार नाही, हेच तिला कळतं. फोनवालेही तेच करतात, कित्येक फोनांत ब्यूटी मोड आधीच चालू असतो. पहिल्यांदा तो बंद करा.

उणिवा सांगते. जिना उभा आहे, आमच्या आईसारखीला चढणं कठीण. दुपारी एक ते चार बंद. तीन फोटोंचे बाराशे रुपये घेतले, आजूबाजूच्या मानाने जास्त, आणि फोटो चार दिवसांनी मिळाले. घाई असेल तर आधी फोन करून विचारा. मेकअप घरूनच साधा करून जा, गर्द रंगाची साडी नेसा. भाचीने तोच फोटो नोकरीच्या अर्जालाही लावला.

एक गोष्ट मात्र त्या बाईंनी बदलायलाच हवी. जिन्याखाली लावलेल्या फ्लेक्सवर अजून कुठल्यातरी तयार चित्रातली गोरीपान नवरी आहे. आत इतकं चोख काम होतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीला दिसते ती तीच जुनी जाहिरात. मी त्यांना तसं सांगून आले, भाचीनेही तिचा फोटो तिथे लावायला परवानगी दिली आहे. फ्लेक्स बदलला की माझे साडेचार तारे मी पाच करेन.