पाइप बघायचा कॅमेरा, कवटीत घालून पाहिला

सीताबर्डीत मोबाइलचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "ताई, बेसिन चोक झालं का इंजिन बघायचं आहे?" हा एंडोस्कोप कॅमेरा लोक त्यासाठीच नेतात. 780 रुपयांना मिळाला. 5.5 मिलिमीटर जाडीचं तोंड, त्याभोवती सहा बारीक एलईडी, साडेतीन मीटर वायर, उजेड कमी-जास्त करायचं चाक. सोबत पुडीत हूक, लोहचुंबक आणि एक तिरपा आरसा. मोबाइलच्या सी-टाइपला लावला की चालू. दोन महिने वापरला, आता लिहिते आहे.

मी पुरातत्त्वात एम.ए. केलं आणि हाडांवर काम करायची तयारी करते आहे. पूर्वीची माणसं कसल्या हवेत श्वास घेत होती, हा माझा विषय. फुप्फुस मातीत उरत नाही. पण नाकाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या जबड्याच्या हाडात एकेक पोकळी असते, तिला आपण सायनस म्हणतो. ती वर्षानुवर्षं सुजत राहिली तर आतलं हाड बदलतं. निरोगी पोकळीची भिंत गुळगुळीत असते. जुना आजार असेल तर टाचणीने टोचल्यासारखी भोकं, काट्यासारखे उंचवटे, नव्या हाडाचा पातळ थर दिसतो. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन सांगाड्यांचा 1995 साली अभ्यास झाला. त्यात वॉरम पर्सी या खेड्यातल्या 39 टक्के लोकांत असा सायनसचा आजार आढळला आणि यॉर्क शहरातल्या एका दफनभूमीत 55 टक्के. शहरातला धूर आणि दाटीवाटी हे याचं एक कारण मानलं जातं.

फुटलेल्या कवटीत ही पोकळी डोळ्यांनी दिसते. अख्ख्या कवटीत कॅमेरा आत घालावा लागतो. दवाखान्यातला एंडोस्कोप माझ्या ऐपतीबाहेरचा, म्हणून हा.

सराव बोकडाच्या मुंडीवर केला. खाटकाकडून आणली, शिजवली, मांस काढून हाड आठवडाभर गच्चीवर वाळवलं. बोकडाच्याही दाढांच्या मुळांवर अशी पोकळी असते. एक बाजू आरीने कापून उघडी केली, दुसरीला 6 मिलिमीटरचं भोक पाडलं. आधी कॅमेऱ्यातून बघायचं, मग उघड्या बाजूशी ताडून बघायचं, असं चाललं. खरी अडचण तिथे कळली. डब्यावर लिहिलंय, 3 ते 8 सेंटिमीटरवर चित्र स्वच्छ येतं. माणसाच्या गालातली पोकळीच जेमतेम तीन सेंटिमीटर उंच. समोरची भिंत कशीबशी दिसते, जवळचं सगळं धूसर. आणि एलईडी पूर्ण ठेवले की पांढऱ्या हाडावर उजेड असा पसरतो की बारीक भोकं पुसूनच जातात. चाक अगदी खाली आणलं, अंधुक उजेड तिरका पडू दिला, की सावल्या उठतात आणि उंचवटे दिसायला लागतात. हे शिकायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

तिरपा आरसा मात्र सोन्यासारखा. माझ्या मावसभावाकडे मेडिकलला शिकतानाचा बोनसेट आहे, त्यातली कवटी त्याने दिली. कवटीला मी भोक पाडणार नाही. ते हाड कुणाचं तरी आहे. नाकाच्या बाजूने पोकळीचं तोंड वरच्या अंगाला असतं आणि आपल्याला बघायचा असतो तळ. या कवटीतली नाकातली पातळ हाडं आधीच झडली होती, म्हणून आरशासकट कॅमेऱ्याचं तोंड आत गेलं. आरसा वळवला आणि दाढेच्या मुळाचा उंचवटा, त्याच्या शेजारची गुळगुळीत जमीन स्पष्ट दिसली. मी कितीतरी वेळ तशीच बसून होते.

तळ बघणं का गरजेचं? वरची दाढ सडली, मुळाशी पू झाला, तर तोही हाड फोडून सायनसमध्ये उतरतो. दाढा न तपासता सगळं धुराच्या माथी मारलं तर निष्कर्ष चुकतो.

पण हाच आरसा बोकडाच्या मुंडीत निसटून आत पडला. नुसता दाबून बसवलेला असतो, आटे नाहीत. जुन्या हाडात असं झालं असतं तर काढताना काय काय तुटलं असतं, या विचाराने हातपाय गार पडले. आता दोऱ्याने बांधून वर टेप लावते. कॅमेऱ्याच्या धातूच्या कडेलाही टेप लावा, ओरखडे पडतात.

बरगड्यांना हा कॅमेरा लागत नाही. क्षय, न्यूमोनिया, प्लूरसी (फुप्फुसाच्या आवरणाची सूज) यांत बरगडीच्या फुप्फुसाकडच्या बाजूला नवं खरखरीत हाड धरू शकतं. ते भिंगाखाली दिसतं, बोटालाही जाणवतं. फक्त एवढ्यावरून क्षयच, असं म्हणता येत नाही. आणि आठ दिवसांत आजाराने माणूस गेला तर हाडावर काहीच उमटत नाही. स्वच्छ बरगडी म्हणजे धडधाकट माणूस, असं धरून चालू नये.

माझी आजी भिवापूरची. चुलीपुढे बसून तिने जन्म काढला, मिरची भाजताना अंगण खोकायचं, ती उठायची नाही. शेवटची दहा वर्षं रात्री उशी टेकवून बसून झोपली. आमच्या नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची प्राचीन भट्टी सापडली आहे, माहूरझरीला त्या काळी दगडाचे मणी घडत होते. गुजरातेत खंबातला अकीक हा मण्यांचा दगड घासणाऱ्या कारागिरांना आजही दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि अशा फुप्फुसात क्षय लवकर शिरतो. आपल्या भट्टीपुढे, मण्यांच्या धुळीत कोण बसत होतं, त्यांच्या छातीचं काय झालं, हे मला शोधायचं आहे.

शिकायला, सरावाला घ्यायचा तर हा कॅमेरा पैसे वसूल आहे. मोजमापाला, छापायच्या फोटोला नाही. 3.9 मिलिमीटरचा मिळाला तर तोच घ्या, अरुंद वाटेने सहज जातो. दुकानातच मोबाइलला लावून बोट तीन सेंटिमीटरवर धरा आणि बोटाच्या रेषा दिसतात का बघा. माझ्या पहिल्या नगात दिसल्या नव्हत्या, एक एलईडीही बंद होता. दुकानदाराने तिथल्या तिथे बदलून दिला. पुडीत आरसा आहे का, तेही उघडून बघा.