मासे बघून भुललो, पावती नीट वाचली नाही

मी मूळचा मालवणचा, नोकरी फ्रान्समधल्या मार्से शहरात. त्यामुळे ताटलीवर हुबेहूब रंगवलेले मासे दिसले आणि अक्कल तिथेच गहाण पडली. ठिकाण लील-सुर-ला-सोर्ग, प्रोव्हान्समधला जुन्या वस्तूंचा रविवारचा बाजार. विक्रेता साठीचा, जिभेवर साखर. ताटली उलटी करून त्याने ‘व्हीपी’ अशी गुंफलेली अक्षरं दाखवली. "व्हव पेरां! अठरावं शतक!"

व्हव म्हणजे विधवा, पेरां हे आडनाव. नवरा गेल्यावर १७४८ पासून या बाईने मार्सेतला फायॉन्सचा, म्हणजे कथिलाच्या पांढऱ्या झिलईच्या मातीच्या भांड्यांचा कारखाना चालवला. भाजलेल्या झिलईवर रंगवून पुन्हा मंद आचेवर भाजायचं, म्हणून तिच्या मालात कडक आचेत न टिकणारा गुलाबी रंग दिसतो. इतकं मला वाचून ठाऊक होतं, आणि तेच नडलं. ४८० युरो सांगितले, ४०० ला दिली.

सहा महिन्यांनी विम्यासाठी लिलावघरातल्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी ताटलीआधी पावती मागितली. तीवर होतं ‘दां ल गू द मार्से’. गू म्हणजे चव, अभिरुची. मला वाटलं, कौतुक केलंय. (मराठी माणसाला तो शब्द तरी खटकायला हवा होता!) प्रत्यक्षात अर्थ ‘मार्सेच्या धाटणीची’. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ चा सरकारी आदेश आहे: पावतीवर शतक लिहिलं की विक्रेता त्याला बांधील, ‘धाटणीची’, ‘शैलीतली’ लिहिलं की कसलीच हमी नाही. गिऱ्हाइकाने मागितलं, तर वस्तू कुठली, किती जुनी हे लिहून देणं त्याला भाग आहे. मी ते मागितलंच नव्हतं.

मग बाईंनी ताटली उलटी केली. खऱ्या जुन्या ताटलीची झीज जिथे ती टेकते तिथे जास्त. माझी मागून सगळीकडे सारखीच घासलेली, पॉलिश पेपर मारल्यासारखी. बारीक तड्यांत एकाच छटेचा तपकिरी रंग, चहात बुडवल्यागत. आणि ‘व्हीपी’ची नक्कल तर सर्रास होत आलीय, उलट अस्सल मालावर कित्येकदा खूणच नसते. असले उद्योग जुनेच म्हणा. ब्रिटनी प्रांतातल्या केंपेर गावच्या पोर्किये-बो कारखान्याची खूण ‘पीबी’, तर मालिकॉर्न गावच्या पुप्लार या कारखानदाराने तशाच ब्रेटन (ब्रिटनीच्या) नक्षीच्या मालावर ‘पीबीएक्स’ घातलं.

पुढच्या रविवारी पावती घेऊन गेलो. विक्रेत्याने ती चष्मा लावून वाचली आणि परत माझ्या हातात ठेवली. "लिहूनच दिलंय की, मस्यो." मागच्या फळीवर माशांची दुसरी ताटली उभी होती.