एआयवर बंदी घालायची की वर्गातच शिकवायचं?

शाळेत चॅटजीपीटीचं काय करायचं, तर दोनच रस्ते दिसतात, बंदी घाला नाहीतर समोर बसवून शिकवा. बंदी सोपी वाटते, पण न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये घातली आणि मे मध्ये मागे घेतली. शिवाय शाळेत बंद केलं तरी मुलं घरी मोबाईलवर वापरणारच, तेही चोरून. पकडायचं म्हणाल तर चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने एआयने लिहिलेला मजकूर ओळखणारा स्वतःचाच डिटेक्टर अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी बंद केला!

शिकवण्यात वेळ जातो, मान्य. पण एकदा करून बघाच, मुलांना एआयकडून पाच पुस्तकांची यादी मागायला लावा आणि ती लायब्ररीत शोधायला सांगा. कधीकधी एखादं सापडतच नाही, नाव झकास, लेखकही खरा, पण असं पुस्तकच नसतं, कारण हे मशीन पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जातं, खरं-खोटं बघत नाही. हे मुलाला स्वतःला सापडलं ना, की भाषणाची गरजच नाही.

लहान मुलांसाठी मात्र मला बंदीच पटते, युनेस्कोनेही वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वर्षं वय सुचवलंय. मोठ्यांना आधी स्वतःचा कच्चा निबंध लिहू दे, मग एआयला चुका विचारू दे. आणि नाव, फोटो, पत्ता टाकायचा नाही हे पहिल्याच तासाला सांगा.