मारुती ८०० चं सस्पेन्शन: कंपनीचा डबा, बाजारातला ब्रँड की कुर्ल्याचा जुना माल?

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. मुंबई, पुणे आणि सोलापुरात तर १ एप्रिल २०१० पासूनच नवी ८०० मिळत नव्हती, कारण देशातल्या ज्या १३ शहरांत तेव्हा भारत-४ लागू झालं त्यांत ही तीन होती (भारत-४ म्हणजे गाड्यांच्या धुराची सरकारी मर्यादा). म्हणजे इथे शोरूममधून निघालेली शेवटची ८०० सुद्धा आता १५ वर्षांच्या पुढे गेली. पुनर्नोंदणी शुल्क भरून जो ही गाडी ठेवतोय, तो ती चालवायची म्हणूनच ठेवतोय. त्याच्यासाठी हा आढावा.

या गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत, असं म्हणायची सोय नाही. २५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे तालुक्याच्या गावीही दुकानदार लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा भाग) काढून देतो. अडचण उलटी आहे. एकाच भागाचे चार प्रकार समोर येतात आणि चारही ‘ओरिजिनलच आहे साहेब’ म्हणून येतात.

खरेदीआधी नेमकं काय गेलंय ते पक्कं करा. पुढचं चाक जॅकवर उचलून टायर वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्म आणि चाक यांच्यातला गोल सांधा. टायर डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा स्टिअरिंग रॅक. शॉकरवर नुसता धुळकट ओलावा असेल तर अजून दिवस आहेत, ऑइलचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर तो संपला. आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल, गतिरोधकावर चढताना ‘कट्’ असा एकच कोरडा आवाज येत असेल, तर शॉकरला हात लावू नका. तो बहुतेक वेळा स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत जंपिंग रॉडच्या रबराचा आवाज असतो. या एका आवाजापायी चांगले शॉकर बदलले जातात आणि आवाज जागच्या जागी राहतो.

शॉकर: इथे बाजार कमी नाही

पुढचे शॉकर, म्हणजे स्ट्रट, कंपनीच्या डब्यातून घ्यायचे की गॅब्रिएल, मनरो अशा ब्रँडचे, यात मला तरी फार मोठा फरक वाटत नाही. गॅब्रिएल १९६१ पासून हाच धंदा करते, नाशिकला आणि चाकणला तिचे कारखाने आहेत, आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनाही ती माल देते. व्हॉल्व्ह, सील, क्रोमचा रॉड हीच ज्यांची रोजची कामं, त्यांच्या डब्याला दुय्यम म्हणायचं कारण नाही. रस्त्यावर दोन्हींचा गचका सारखाच लागतो. नवेपणी ब्रँडचा थोडा कडक वाटू शकतो, तेही काही आठवड्यांत जातं.

कंपनीच्या डब्याची खरी किंमत वेगळ्या गोष्टीत आहे: तो बसतो. मारुतीच्या पार्ट नंबरात पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात (४१६०१ म्हणजे उजवा पुढचा स्ट्रट, ४१६०२ म्हणजे डावा), पुढचा ‘एम’ मारुतीचा, आणि त्यानंतरचा गट गाडीच्या मॉडेलचा. हा मधला गट जुळला नाही तर पहिले पाच आकडे जुळून काही उपयोग नाही. आरसीवरचा चेसिस नंबर काउंटरवर दिला की तुमच्या गाडीचा नेमका नंबर निघतो. माल बाजारातून घ्यायचा असला तरी हा नंबर आधी काढून घ्या.

बाजारात ऐकायला मिळणारं ठरलेलं वाक्य म्हणजे ‘ऑल्टोचा आणि आठशेचा एकच आहे’. ओम्नीबद्दलही हेच सांगतात. वरवर पाहता नळकांडी सारखीच दिसतात, म्हणून जुना स्ट्रट शेजारी ठेवून चार गोष्टी तपासा. नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, बसणाऱ्या दोन भोकांमधलं अंतर. त्या भोकांपासून स्प्रिंगच्या वाटीपर्यंतची उंची. ब्रेकच्या नळीचा ब्रॅकेट कोणत्या बाजूला वळलाय. आणि रॉडच्या टोकाचे आटे. यात उंचीचा फरक सगळ्यात फसवा, कारण स्ट्रट बसतो, नट आवळले जातात, गाडी जॅकवरून खाली येते, आणि मग लक्षात येतं की एक बाजू वर राहिलीय. ब्रॅकेट चुकीच्या बाजूला असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ब्रेकची नळी ताणली जाते किंवा टायरला घासते. ही तडजोड कधीच करू नये. ‘दोन्ही बाजूंना चालतो’ असं सांगून दिलेला स्ट्रट याच कारणासाठी परत करावा.

बंप स्टॉप, धुळीचं रबर आणि वरचं माउंटिंग बहुतेक डब्यांत नसतं, कंपनीच्याही नाही. ते वेगळं मागावं लागतं. जुनं माउंटिंग हातात धरून फिरवून पाहा. खरखर लागत असेल तर नव्या शॉकरवर ते परत चढवू नका, नाहीतर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. शॉकर नेहमी जोडीनेच बदलायचे, हे सांगायला नकोच.

रबर आणि लोअर आर्म: माझं पारडं झुकलं ते इथे

आठशेच्या पुढच्या बाजूची रचना साधी आहे, पण रबरावर तिची भिस्त फार. लोअर आर्म आतल्या बाजूला एकाच बोल्टवर, एकाच बुशवर (रबर चढवलेल्या नळीवर) लटकलेला असतो. त्याला पुढे-मागे धरून ठेवणारा वेगळा दांडा नाही. ते काम स्टॅबिलायझर बार करतो. बारचं टोक आर्मच्या भोकातून आरपार जातं, दोन्ही अंगांना रबर आणि वॉशर, आणि शेवटी स्प्लिट पिन लावलेला कॅसल नट. म्हणजे तुम्ही ब्रेक दाबला की चाक मागे ढकललं जातं आणि तो सगळा जोर त्या दोन रबरांवर येतो. मोठ्या गाडीत हे रबर ढिलं झालं तर नुसता आवाज येतो. आठशेत ते ढिलं झालं तर चाकाची जागाच बदलते, ब्रेकला गाडी ओढते आणि टायर एका कडेने झिजतो.

बाजारातला सुटा रबर सेट इथेच उघडा पडतो. बाहेरून काळा कुळकुळीत, बोटाला मऊ, किंमत नगण्य. दोष दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे भोकाचं माप. आतलं भोक बारच्या टोकापेक्षा जरासं सैल असलं की नट कितीही आवळा, रबर धरून राहत नाही, फिरतं, आणि फिरतं म्हणून झिजतं. दुसरा दोष लोअर आर्मच्या आतल्या बुशमध्ये. तिथे रबर स्टीलच्या नळीला चिकटवलेलं असतं आणि आर्म वर-खाली होताना ते पीळ खातं. हलक्या बुशमध्ये हा चिकटा सुटतो. नळी रबरात मोकळी फिरायला लागते आणि ‘कट्-कट्’ पुन्हा सुरू होते.

सगळ्यात त्रासाची गोष्ट हीच, आणि निर्णय मी तिच्यावरच घेतला. पहिले काही महिने गाडी नव्यासारखी शांत असते. मग एक पावसाळा जातो, पाणी, चिखल आणि खड्डे सोसून होतात आणि तोच आवाज परत येतो. पुन्हा आर्म खाली, पुन्हा मजुरी, पुन्हा अलाइनमेंट. रबरावर वाचवलेले पैसे पहिल्याच फेरीत मजुरीत जातात. वर गाडीतला आवाज काही केल्या जात नाही म्हणून मेकॅनिकवरचा विश्वास उडतो तो वेगळाच, आणि बऱ्याचदा त्या बिचाऱ्याची चूक नसते. कंपनीच्या नंबरचं रबर लावल्यावर ही कटकट थांबते, असा माझा तरी अनुभव आहे. एखाद्याला बाजारातलं चांगलं रबर लाभलंही असेल, ते नाकारत नाही. पण ते ओळखायचं कसं, याचं दुकानाच्या काउंटरवर तरी उत्तर मिळत नाही.

या आर्मचा बॉल जॉइंट सुटा बदलता येत नाही, गेला की पूर्ण आर्मच घ्यावा लागतो. उलट बॉल जॉइंट ठणठणीत असेल आणि फक्त आतला बुश गेला असेल तर आख्खा नवा बाजारी आर्म घेऊ नका. मूळ आर्म ठेवा आणि त्यात कंपनीचा बुश प्रेसवर बसवून घ्या. मूळ आर्मचं लोखंड वाकलेलं नसेल तर ते बाजारातल्या नव्या आर्मपेक्षा भरवशाचं. बुश हातोड्याने ठोकू देऊ नका. बाहेरची कड दुमडते, तो तिरका बसतो आणि लवकर फाटतो. बसवताना साबणाचं पाणी चालेल, ग्रीस किंवा ऑइल नाही, त्याने रबर फुगतं.

कंपनीच्या मालाचा त्रासही सांगायला हवा. काउंटरवर ‘आठशेचं आता येत नाही’ हे पहिलं उत्तर असतं. तिथून निघून येऊ नका. नंबर देऊन सिस्टिममध्ये पाहायला सांगा, कारण जुना नंबर बंद होऊन त्याजागी नवा आलेला असतो आणि नावावरून शोधलं तर तो दिसत नाही. मागवायला सांगा, आगाऊ पैसे भरा, वाट पाहा. तोवर गाडी खोलून ठेवू नका. माल आला की डब्यावरचा पॅकिंगचा महिना आणि वर्ष वाचा. लोखंडाला वय नसतं, रबराला असतं. वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं रबर अंगठ्याने वाकवल्यावर बारीक भेगा दाखवतं. तसं असेल तर डबा कंपनीचा असला तरी परत करा. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या छापील किमतीचा डबा हातात आला तर बिलात कर किती लावलाय ते पाहून घ्या.

टाय रॉड एंडपुरता मात्र मी इतका आग्रह धरणार नाही. राणेसारख्या नावाजलेल्या कंपनीचा, सीलबंद डब्यातला, पक्क्या बिलाचा असेल तर पुण्यात नाना पेठेतून घेतला तरी चालतो.

जुना माल

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठल्याही भंगार बाजारात आठशे अजून खोलल्या जातात. तिथून नकल घ्या, क्रॉस मेंबर घ्या, स्प्रिंग घ्या. स्प्रिंग घेताना जोडीच घ्या, दोन्ही सपाट फरशीवर उभ्या करून उंची जुळते का पाहा आणि शेवटच्या वेढ्यावर गंजाचा खड्डा नाही ना ते तपासा, कारण स्प्रिंग तिथूनच तुटते. कोकणपट्टीतल्या गाडीचा स्ट्रट असेल तर स्प्रिंगची वाटी खालून कुजलेली असू शकते. जुना शॉकर, जुना लोअर आर्म, जुना टाय रॉड एंड मात्र फुकट मिळाला तरी नको. खोलायला आलेली गाडी अपघाताची असते का म्हाताऱ्या मालकाची, हे आर्मकडे पाहून कळत नाही.

बसवताना

नवा स्ट्रट उभा धरून तीन-चारदा पूर्ण दाबा आणि सोडा, आतली हवा निघते. जुना काढण्याआधी नकलवर त्याच्या जागेची खूण करा. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट सोडू नका, दोरीने बांधून काम करणाऱ्याकडे तर गाडी सोडूच नका. स्टॅबिलायझरचे वॉशर ज्या तोंडाने निघाले त्याच तोंडाने घाला, कॅसल नटची स्प्लिट पिन नवी लावा.

आणि ज्या गोष्टीवर गॅरेजात उभं राहून लक्ष ठेवावं अशी एक: लोअर आर्मचा आतला बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचा आवळायचा नाही. चाक लटकलेलं असताना आवळला तर बुश त्याच अवस्थेत घट्ट होतो, गाडी जमिनीवर आल्यावर कायमचा पिळलेला राहतो, आणि कंपनीचं रबरसुद्धा अवेळी फाटतं. बोल्ट नुसता लावून घ्या, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-तीनदा दाबून हलवा, मग आवळा. खड्ड्यात किंवा रॅम्पवर हे सहज होतं. बाजारी रबराला दिलेला दोष कधीकधी खरं तर या चुकीचा असतो, म्हणून दोन्हींची तुलना करताना हे आधी विचारून घ्या.

त्यानंतर अलाइनमेंट. या गाडीत फक्त टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, जुळवता येतो. मशिनवर कॅम्बर (चाकाचा उभा कल) लाल दाखवला आणि ‘वाकवून देतो’ म्हटलं तर नको म्हणा. खुणेची जागा, आर्म आणि स्ट्रट तपासायला लावा. पाचेकशे किलोमीटर झाले की नकलचे दोन्ही बोल्ट आणि आर्मचा बोल्ट पुन्हा एकदा पान्याने पाहून घ्या, नवा जोड पहिल्या काही खड्ड्यांत थोडा बसतो.