ट्रायकोडर्मा पावडर, एक किलो: हरभऱ्यावर वापरून पाहिली (४ तारे)

आमच्या यावल तालुक्यात हरभऱ्याला मर लागली की हिरवंगार झाड बघता बघता माना टाकतं. मूळ उभं चिरलं तर आत काळपट तपकिरी रेघ दिसते. ही फ्युजेरियम बुरशी हरभरा नसला तरी जमिनीत पाच-सहा वर्षं टिकते, म्हणून बियाण्यालाच राखण हवी. ट्रायकोडर्मा ही अशा रोगट बुरशीला खाणारी उपयोगी बुरशी; तिची पावडर बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम चोळली.

पेरणीआधी पावडर जिवंत आहे का ते मी बघतेच. ज्वारी उकडून, निथळून, गार करून स्वच्छ पिशवीत भरली आणि वर चिमूटभर पावडर टाकली. आधी पांढरं जाळं धरलं, मग ते हिरवं झालं. पिशवी उघडली तर खोबऱ्यासारखा वास! ट्रायकोडर्मा हवेत सोडते त्या पेंटाइल पायरोन नावाच्या रसायनाचा तो वास. त्याने फ्युजेरियमची वाढ खुंटते, रोपालाही जोर येतो. सगळ्या जातींना हा वास येत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून पाकीट फेकू नका. हिरवं मात्र धरायला हवं.

मला खरं नवल वाटतं ते तिच्या शोधण्याचं. ट्रायकोडर्मा कायटिनेज नावाचं विकर (एन्झाइम) थोडं थोडं पाझरत ठेवते. ते फ्युजेरियमच्या पेशीभित्तीला लागलं की कायटिनचे बारीक तुकडे सुटतात. ते तुकडे हिच्यापर्यंत आले की सावज जवळ असल्याचं हिला कळतं. मग ती विकरं वाढवते आणि तिचे धागे त्याच्या धाग्यांना वेटोळे घालतात. आपल्या पायाखालच्या काळ्या मातीत हे चालतं, याचं मला फार अप्रूप आहे.

चोळलेलं बी पेरलं त्या पट्ट्यात मर तुरळक दिसली, बिनचोळलेल्या पट्ट्यात जागोजागी झाडं गेली. मर पूर्ण थांबेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

एक तारा कापला तो पाकिटावरच्या अपुऱ्या माहितीसाठी. कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक सोबत लावलं तर ट्रायकोडर्माच मरते, हे कुठेच छापलेलं नाही. शिवाय दुकानात पाकिटं दाराशी, तापल्या पत्र्याखाली रचलेली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यात बीजाणू कसे तगणार? आतल्या खोलीतलं, ताज्या तारखेचं पाकीट मागून घ्या. रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) लावणार असाल तर ते ट्रायकोडर्मानंतर, आणि बी सावलीतच सुकवा.